नखभर पुढे

कवळीकर हे काही त्याचं खरं आडनाव नाही. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून तो कवळ्या बनवतो, म्हणून गल्लीतल्या कोणीतरी ते त्याला चिकटवलं आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो. उंची बेताची, बोलणं बेताचं, आणि चेहऱ्यावर कायम कोणाचं तरी चुकीचं माप हातात आल्यासारखा भाव. पेशंट त्याला कधी दिसत नाहीत. दिसतात ते त्यांचे जबडे, प्लास्टरचे, फळीवर ओळीने मांडलेले. रस्त्यात कोणी त्याच्याकडे बघून हसलं, तर तो आधी दात बघतो, आणि काम आपलं असेल तरच परत हसतो.

या माणसाच्या घरी, कपड्यांच्या कपाटात, बायकोच्या हक्काच्या खणात, एक फौज उभी होती. बोटाच्या दोन पेरांएवढे शिशाचे दाढीवाले बुटके, हातात कुऱ्हाडी, डोक्यावर टोप, सगळे चिडलेले. एकेकाची दाढी रंगवायला त्याने एकेक सुट्टी घालवली होती. लग्नानंतर बायकोने ते कपाट पहिल्यांदा उघडलं आणि फौजेवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "हे सगळे इथेच राहणार का?" तो हो म्हणाला. तिने आपले कपडे दुसरीकडे ठेवले आणि तो विषय संपला. निदान त्याची तरी तशी समजूत आहे.

फौज असली की शत्रू लागतो. कवळीकरचा शत्रू म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. भाऊजी शिंपी. त्यांची फौज मेलेल्यांची, म्हणजे निव्वळ सापळे, बरगड्या मोकळ्या, हातात गंजक्या तलवारी. पण भाऊजींना उघडं माणूस बघवत नाही, मग ते मेलेलं का असेना. त्यांनी एकूण एक सापळ्याला ब्रशने कोट घातला. कोटाला कॉलर, कॉलरला टीप, छातीवर खिसा, खिशाला झाकण. फौजेत हाडांचा एक ड्रॅगन होता, त्यालाही जाकीट मिळालं. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत हा खेळ खेळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. तिथला केमिस्ट एकदा म्हणाला, "मेलेल्यांना खिसे कशाला?" भाऊजी म्हणाले, "मग हात कुठे ठेवतील?"

दर रविवारी भाऊजी आणि ताई कवळीकरच्या घरी यायचे आणि जेवणाच्या टेबलावर युद्ध व्हायचं. खेळ समजायला सोपा. आपला सैनिक किती पुढे जातो ते टेपने मोजायचं, समोरासमोर आले की फासे टाकायचे, जो मरेल त्याला उचलून बाजूला आडवा ठेवायचा. टेप भाऊजींची. दुकानातली, कापडी, सदा गळ्यात अडकवलेली, आणि वर्षानुवर्षं ओढून इतकी सैलावलेली की तिच्यावरचा इंच इतरांच्या इंचापेक्षा अंमळ मोठा. तेवढ्यानेही भाऊजींचं भागत नसे. मोजून झालं, टेप उचलली, की त्यांचा अंगठा सैनिकाच्या पाठीमागून हळूच सरकायचा आणि सैनिक नखभर पुढे जायचा. दर डावाला, न चुकता. आणि दर डावाला कवळीकर ओरडायचा, "भाऊजी, मागे!"

एरवी बेताचं बोलणारा हा माणूस मग जे भांडायचा त्याला तोड नव्हती. भाऊजी म्हणायचे, कापड बेतताना शिवणीसाठी थोडं सोडावंच लागतं. कवळीकर म्हणायचा, मी कवळीत असं थोडं सोडलं तर माणसाचं तोंड मिटणार नाही. भाऊजी म्हणायचे, तुझं तरी कुठे मिटतंय. दोघांचे आवाज जिन्यापर्यंत जायचे. ताई चहा आणायची, दोघांच्या मधे ठेवायची आणि कोण बरोबर ते सांगायची नाही. युद्ध कोणी जिंकलं हे आठवडाभराने कोणालाच आठवत नसे. भांडण मात्र शब्दन् शब्द पाठ असायचं.

मग भाऊजींचे डोळे बिघडले. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. म्हणजे समोरच्याचे कान दिसणार आणि चेहरा दिसणार नाही. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुईचं भोक कडेला धरायचं का मग?" दुकान बंद झालं. कापड बेतायचं लांबरुंद टेबल तेवढं मागे राहिलं, त्यावर ताई वाळलेले कपडे टाकू लागली.

रविवार चालू राहिला. पण भाऊजी आता बुटक्याला सापळा समजून उचलायचे. फाशावरचे ठिपके बोटाने चाचपायचे. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच सेनापतीवर हल्ला चढवला. कवळीकरने फासे टाकले आणि हल्ला फसला असं ठोकून दिलं. अंगठा मात्र अजून पाठीमागून सरकत होता. नखभर, मग दोन नखं. कवळीकरला ते दिसत होतं आणि तो गप्प बसला. डोळ्यांनी अधू झालेला माणूस आहे, घेऊ दे पुढे, आपलं काय जातंय. पुढच्या रविवारीही तो गप्प बसला, आणि त्याच्याही पुढच्या. आपण फार चांगले वागतो आहोत असं त्याला मनापासून वाटत होतं.

काही दिवसांनी भाऊजींचा गुडघा दुखू लागला. मग सर्दी झाली. ती सर्दी काही केल्या जाईना. शेवटी एका रविवारी ताई एकटीच आली, हातात खोकं घेऊन. आत भाऊजींची अख्खी फौज होती, एकेक सापळा अस्तराच्या कापडात गुंडाळलेला.

"ते म्हणाले, मंडळात कोणाला हवी असेल तर देऊन टाक," ताई म्हणाली.

"देऊन टाकू?"

"मी निरोप सांगितला. माझं मत वेगळं आहे, पण ते तू विचारत नाहीयेस."

त्याने खरंच विचारलं नाही. ती चहा न घेता गेली.

मंडळात बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. केमिस्टचा डोळा जाकीटवाल्या ड्रॅगनवर होता. "तुला तरी त्याचं काय करायचंय?" तो म्हणाला. कवळीकर म्हणाला, बघू. घरी येऊन त्याने खोकं बुटक्यांशेजारी ठेवलं आणि कपाटासमोर उभा राहिला. त्याला भीती वाटत होती. रविवार रिकामा जाईल एवढीच ती भीती नव्हती. या जगात त्याच्याशी भांडणारं दुसरं कोणी नव्हतं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई सूचना देतात, केमिस्ट टोमणे मारतो, बायको तर भांडतच नाही, ती कपडे दुसरीकडे ठेवते. भाऊजी गेले की तो कायमचा बेताचं बोलणारा माणूस होणार होता.

त्यात जुना खेळही मोडीत निघाला होता. तो बनवणाऱ्या कंपनीने पत्रक काढून कळवलं होतं की खेळातल्या त्या जगाचा अंत झालेला असून उरलेला माल सवलतीत मिळेल. मंडळ नव्या खेळाकडे वळलं. त्याचं पुस्तक पातळ, नियम थोडे, आणि कोणतीही जुनी फौज चालते. फक्त सैनिकांच्या पायाखालच्या बैठका बदलायच्या. जुन्या खेळात सैनिक चौकोनी बैठकांवर एकमेकांना खेटून रांगेत उभे असत. नव्यात गोल बैठकांवर सुटे सुटे उभे राहणार. आणि अंतर टेपने मोजायचं नाही. एक काडी, तिला तीन खाचा, जवळच्या, मधल्या आणि लांबच्या अंतराची. "पोरखेळ," केमिस्ट नाक मुरडून म्हणाला. कवळीकरचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खाचेपाशी अडकला होता. खाच बोटाला लागते.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या मागच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, काम सुरू झालं. बारीक करवतीने त्याने सगळ्यांच्या चौकोनी बैठका कापल्या, आधी स्वतःच्या बुटक्यांच्या. गोल बैठका ओतल्या त्या कवळीच्याच गुलाबी ॲक्रिलिकच्या, त्यामुळे दोन्ही फौजा कोणाच्या तरी हिरड्यांवर उभ्या असल्यासारख्या दिसू लागल्या. बुटक्यांच्या बैठकीची कड गुळगुळीत ठेवली, सापळ्यांची खरखरीत. तलवारवाल्याला एक उंचवटा, भालेवाल्याला दोन, धनुर्धाऱ्याला तीन. घोडेस्वारांना आडवी रेघ. बोटात घुसतील म्हणून भाले आखूड केले. फाशांचे ठिपके दात कोरायच्या यंत्राने खोल केले. काडीही ॲक्रिलिकचीच, तीन खाचांची, पॉलिश केलेली.

सारखे हाताळले जाणार म्हणून सगळ्यांना वार्निशचे जाड हात द्यावे लागले. बुटक्यांच्या दाढ्यांतला एकेक केस त्याखाली बुजला. सगळ्या सुट्ट्या वाया गेल्या. वाईट वाटलं नाही असं नाही. सापळ्यांच्या बाबतीत मात्र त्याने एक जादा उद्योग केला. खिशांची झाकणं ॲक्रिलिकने जराशी उचलून घेतली, बोटाला लागतील इतकी. सैनिक ओळखायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण कोट भाऊजींचे होते.

याच दिवसांत घोटाळा झाला. एक निवृत्त मुख्याध्यापिका नवी वरची कवळी घेऊन गेल्या आणि लगेच परत आल्या. टाळूला काहीतरी लागतंय म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी कवळी उलटसुलट करून पाहिली आणि तशीच हातात धरून मागच्या खोलीत आल्या. जिथे जीभ लागते तिथे, अगदी मधोमध, एका ओळीत तीन उंचवटे होते. नीट घोटलेले.

"हे काय आहे?"

कवळीकरने निरखून पाहिलं. "धनुर्धारी," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कवळी टेबलावर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरून एवढंच कळत होतं की हे उत्तर त्या घरी जाऊन कोणालातरी सांगणार आहेत. कवळीकरने उंचवटे घासून काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा पेशंटसमोर आला. रीतसर माफी मागितली. मग जरा रेंगाळून विचारलं, "तीन आहेत हे कळत होतं का? की काहीतरी आहे, एवढंच?"

मुख्याध्यापिकांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. जीभ फिरवून आठवलं. "तीन," त्या म्हणाल्या. "मधला जरा मोठा."

तो बाईंचे आभार मानून आत गेला आणि सगळ्या धनुर्धाऱ्यांचे मधले उंचवटे घासून सारखे केले.

फौजा तयार झाल्या त्या रविवारी तो खोकी घेऊन भाऊजींच्या घरी गेला. भाऊजी खिडकीशी बसले होते. त्याने एक सापळा त्यांच्या हातात दिला. भाऊजींनी मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने पाहिलं, मग बघणं सोडून बोटं फिरवली.

"याला हिरड्या कोणी दिल्या?"

"माझ्याकडे तेच सामान असतं."

बोटं वर सरकली आणि छातीवर थांबली. "खिसा उचललास?"

"हो."

"झाकणाला काज नाही."

"मावत नव्हतं."

"हं," भाऊजी म्हणाले.

कपड्यांच्या घड्या बाजूला सारून दोघे बेतायच्या टेबलाशी बसले. कवळीकरला वाटलं होतं त्याहून सगळं सुरळीत झालं. कोण बुटका आणि कोण सापळा हे भाऊजींच्या बोटांनी दोन डावांत शिकून घेतलं. कड चाचपायची, उंचवटे मोजायचे, काडी लावायची, खाचेला सैनिक ठेवायचा, हात मांडीवर. खाचेला म्हणजे अगदी खाचेला. कवळीकर सगळा वेळ त्यांच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा हलला नाही. एकदाही आवाज चढला नाही. चहा गरम असतानाच पिऊन झाला, हेही पहिल्यांदाच घडलं.

"छान झालं हो," शेवटी भाऊजी म्हणाले. "फार मेहनत घेतलीस."

भाऊजी त्याला कधी छान म्हणत नसत, आणि असं परक्यासारखं तर मुळीच नाही.

"आता त्या केमिस्टला देऊन टाक. ड्रॅगन हवाय ना त्याला? जाकीट जपायला सांग."

ताई त्याला सोडायला जिन्यापर्यंत आली. त्याने खोकी खाली ठेवली.

"ताई, तुझं मत काय आहे?"

"विचारलंस एकदाचं. तू त्यांच्यावर ओरडेनासा झालास."

"अगं, त्यांना दिसत नाही..."

"ते मला माहीत आहे. मी तिथेच राहते. अख्खी गल्ली त्यांना वाट करून देते. दूधवाला मोठमोठ्याने बोलतो, जसे काही कान गेलेत. तू पहिल्यांदा गप्प बसलास त्या रविवारी घरी येऊन म्हणाले, आज याने मला सोडलं. पुढच्या वेळी मुद्दाम जास्त सरकवून आले. म्हणाले, तरी सोडलं. तिसऱ्यांदा म्हणाले, याच्या लेखी मी खेळातून गेलो. मग गुडघा दुखायला लागला."

कवळीकरला लाज वाटली. कान तापेपर्यंत लाज वाटली. इतके दिवस ज्याला तो चांगुलपणा समजत होता त्याने भाऊजींना टेबलावरून उठवलं होतं, डोळ्यांनी नाही.

"मग आज का नाही सरकवला?" त्याने विचारलं.

"सरकवला असता आणि तू परत सोडलं असतंस तर?"

"पण त्यांनी सरकवल्याशिवाय मी ओरडणार कसा?"

"तेही मीच सांगू?" ताई म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी तो न कळवता जाऊन थडकला.

"अजून दिली नाहीस?" भाऊजी म्हणाले.

"एक शेवटचा डाव. मग देतो."

"कशाला उगाच."

"केमिस्टला सांगून ठेवलंय. तो संध्याकाळी इथेच घ्यायला येतोय."

हे खरं होतं. त्याने खरंच सांगून ठेवलं होतं, कारण खोटं बोललेलं भाऊजींना ऐकून कळतं. फौजा मांडल्या. पहिली चाल कवळीकरची. त्याने काडी लावली, कुऱ्हाडवाला बुटका खाचेला ठेवला आणि काडी उचलली. मग अंगठा बुटक्याच्या पाठीला लावून त्याने तो नखभर पुढे ढकलला. जन्मात पहिल्यांदा.

भाऊजींचा डाव आला. त्यांनी अंतर बघायला समोर हात नेला, बोटं बुटक्याच्या गुळगुळीत कडेला लागली आणि थांबली. त्यांनी काडी मागितली. काडी लावली, बोट फिरवलं, पुन्हा लावली.

"मेहुणेबुवा, हा इथे कसा आला?"

"चालत."

"काडी धरून चालला की काडी सोडून?"

कवळीकर म्हणाला, "तुम्हाला काय कळणार? तुम्हाला दिसत तर नाही."

आतल्या खोलीत कपाटाचं दार लावण्याचा आवाज आला. भाऊजींचा चेहरा दगडासारखा झाला. आपण सगळं घालवून बसलो असं कवळीकरला वाटलं.

"दिसत नाही," भाऊजी सावकाश म्हणाले. "मोजता येतं. मागे घे."

"नाही घेत."

"मागे घे म्हणतो ना! लबाडा! शिशाचे बुटके सोडून जबडे बनवायला लागलास तरी अक्कल आली नाही!"

"जबडे आधीपासूनच बनवतो मी!"

"मग अक्कल आधीपासूनच नाही!"

कवळीकरने बुटका मागे घेतला. भाऊजींनी बोट लावून तो मागे आल्याची खात्री केली. मग आपला घोडेस्वार उचलला, आडवी रेघ चाचपली, काडी लावली, लांबच्या खाचेला घोडा ठेवला. काडी उचलून बाजूला ठेवली. हात घोड्याजवळच राहिला. मग अंगठा निघाला.

"भाऊजी, मागे!"

ओरडणं इतकं जोरात झालं की एक धनुर्धारी आडवा पडला.

"काय मागे?"

"घोडा! नखभर पुढे गेलाय!"

"शिवणीसाठी सोडलंय."

"घोड्याला शिवण नसते!"

"कोट घातलाय त्याने! कोटाला असते!" भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले होते. चेहरा लाल झाला होता. डोळे कवळीकरच्या कानाकडे लागले होते आणि ते इतके खूश दिसत होते की कवळीकरने खुर्ची आणखी पुढे ओढली. भाऊजींनी सवयीने गळ्याशी हात नेला. तिथे काही नव्हतं. "अगं ए! माझी टेप आण!"

"ती टेप चालणार नाही! तिचा इंच मोठा आहे!"

"माझ्या टेपला नावं ठेवतोस?"

"वीस वर्षं ठेवतोय!"

तेवढ्यात खाली दाराची घंटा वाजली. केमिस्ट आला असावा. कोणी उठलं नाही. टेप घेऊन ताई दारातच उभी होती, केव्हापासून कोण जाणे. तिने ती दोघांच्या मधे ठेवली, कोण बरोबर ते सांगितलं नाही, आणि डोळे पुसत चहा टाकायला आत गेली.